पिंडाला कुरव शिवला

थंडीत मुंबईच्या किनाऱ्यावर एक मोठा पक्षी येतो. आकाराने घारीएवढा, अंगाने चांगला भरलेला. पूर्ण वाढलेला असला तर डोकं आणि पोट पांढरंशुभ्र, पाठ शाळेतल्या पाटीच्या रंगाची, पाय पिवळे, आणि पिवळ्या चोचीच्या खालच्या बाजूला, टोकाजवळ, टिकलीएवढा लाल ठिपका. मराठीत त्याला कुरव म्हणतात, किनाऱ्यावर फिरायला येणारे लोक सीगल म्हणतात आणि आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, कावळा म्हणायचे. आतोबांच्या या मतापायी ऐंशीच्या दशकात माझं नको त्या माणसाशी लग्न लागायची वेळ आली होती.

तेव्हा आम्ही बोरीवलीला राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर, अर्धी मराठी आणि अर्धी गुजराती बिऱ्हाडं असलेल्या सोसायटीत. घरात आई, बाबा, मी आणि बाबांचे थोरले भाऊ-वहिनी, म्हणजे माझे काका-काकू. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी दोन आयांच्या तावडीत वाढले. काका गिरणीत होते. संपानंतर त्यांची गिरणी परत सुरू झालीच नाही. तेव्हापासून काका सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि काकूने दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करत. शेजारच्या गुजराती बेन नाकाला पदर लावून दार लोटून घेत, आणि दिवाळीला मात्र न चुकता मठियांचं ताट पाठवत.

राखण कुणापासून, तर कावळ्यांपासून. गिरणीत तीस-पस्तीस वर्षं मुकादमाशी भांडण्यात गेलेला सगळा जोर काकांनी कावळ्यांवर काढला. काठी, चप्पल, ओला टॉवेल, एकदा तर काकूचा पोळपाट. कावळ्यांनी काकांचा चेहरा पक्का लक्षात ठेवला होता. ते खाली उतरले रे उतरले, की कंपाउंडमधल्या बदामाच्या झाडावरून दोन-तीन कावळे त्यांच्या टकलावर झेप घेत. टक्कल म्हणजे मधोमध. कडेने केस होते आणि त्यांना काका दर महिन्याला जुन्या टूथब्रशने कलप लावत. म्हातारपण त्यांना मंजूर नव्हतं. कावळ्यांमुळे ते बाराही महिने छत्री घेऊन बाहेर पडत. कोरड्या डिसेंबरातसुद्धा छत्री उघडून बाजारात निघालेला माणूस दिसला, की तो आमच्या घरातला, हे साऱ्या सोसायटीला माहीत होतं.

काकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचं जेवण. रोज मासा हवा. नुसत्या वरणभाताच्या पानावरून ते सरळ उठून जात. आणि पानात मासा पडला की त्यांना काहीही ऐकू येत नसे. हे मी गमतीने सांगत नाही. एकदा खालच्या मजल्यावर गॅसने पेट घेतला, लोक बादल्या घेऊन जिन्यात धावत होते, आई किंचाळत होती, आणि काका बांगड्याचा काटा सोडवत होते. जेवून, हात धुऊन बाहेर आले आणि म्हणाले, “कसली गडबड चाललीय?” तेव्हा आग विझूनही गेली होती.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते. तिथल्याच एका बाईंनी मला रविवारी नॅशनल पार्कात पक्षी बघायला नेलं आणि मी त्या नादाला लागले ती लागलेच. एक जुनी दुर्बीण मिळवली. घरातल्यांच्या मते मुलगी बिघडली. फक्त काकांनी त्या दुर्बिणीचा मान राखला, कारण तिसऱ्या मजल्यावरून कोळणीच्या पाटीत काय आहे ते तिच्यातून स्वच्छ दिसे. “सरंगो आसा! धाव!” असं ते ओरडत आणि काकू पिशवी घेऊन जिना उतरत असे. माझ्या दुर्बिणीतून घरात आलेला मासा मी बघितलेल्या पक्ष्यांहून नक्कीच जास्त असेल. माझा स्वभाव मात्र तेव्हाही असाच होता. कुणी खंड्याला धनेश म्हटलं तर माझं डोकं फिरायचं, मग समोर ऑफिसचे साहेब असोत नाही तर देवळातले पुजारी.

अशातच आतोबांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. रत्नागिरीकडचं, बंदरालगत त्यांचा बर्फाचा कारखाना. मुलगा बघायला आला, पोहे खाल्ले, आणि आईने मोठ्या धीराने माझ्या छंदाचा विषय काढला. त्याने मला विचारलं, “पक्षी बघून झाला, की मग काय करता?”

मी म्हटलं, “काही नाही. तो उडून जातो.”

“मग बघता कशाला?” तो म्हणाला. वाईट मनाने नव्हे. त्याला खरोखरच कळत नव्हतं. पण मला जे कळायचं ते कळलं आणि मी घरात साफ नाही म्हणून सांगितलं. आई बशा विसळायला उठली, बाबा म्हणाले बघू. एकटे काका त्या स्थळावर ठाम होते. बर्फाचा कारखाना बंदराला लागून, म्हणजे पहिला मासा यांच्या दारात. “पोर सुखात पडतली,” ते काकूला म्हणाले, आणि सुख म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे पंधरवड्यातच ते झोपेत गेले. रात्री कोलंबीचं कालवण ओरपून झोपले होते, एवढंच काकू सगळ्यांना सांगत राहिली.

दहाव्याचे विधी मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर करायचे ठरले. आमच्याकडे बायका अशा ठिकाणी जात नाहीत, पण काकूने हट्ट धरला आणि तिला सोबत म्हणून मी गेले. टॅक्सीत सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय गेलेल्याची सुटका नाही. आणि काकांच्या पिंडाला मुंबईतला कुठला कावळा शिवणार होता? आदल्या दिवशी शेजारच्या बेनसुद्धा जिन्यात आईला हळूच म्हणाल्या होत्या, “बोरीवलीचा कावळा तर येणारच नाय. मालाडला भाऊंना ओळखत नसेल तर चान्स आहे.”

भटजींना पुढे आणखी एक काम होतं. त्यांनी भराभर मंत्र म्हटले, बाबांकडून सगळं करवून घेतलं. पान मात्र काकूने स्वतः मांडलं. घरून आणलेला स्टीलचा डबा पदराआड धरून ती वाळूत बसली आणि भाताचा पिंड, दही, तीळ, काकांच्या आवडीची जिलबी असं निगुतीने लावू लागली. भटजी दर्भ निवडत होते, बाबा अंघोळीसाठी काढलेला चष्मा कुठे ठेवला ते आठवत होते. मग सगळे मागे सरकलो आणि हात जोडून उभे राहिलो.

कावळे होते. सुरूच्या झाडांवर ओळीने बसले होते, मान तिरकी करून पानाकडे बघत होते. एकही खाली उतरेना. मला आपलं वाटायला लागलं, की बोरीवलीहून निरोप पोचला.

आता कावळा आला नाही, की गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ती बोलून दाखवायची आणि पुरी करायचं कबूल करायचं. बाबा पुढे झाले. “दादा, वहिनींना आम्ही अंतर देणार नाही.” कावळे ढिम्म. “गावच्या घराचं छप्पर शाकारून घेतो.” एका कावळ्याने पंख खाजवला. “तुमचा रेडिओ कुणाला देणार नाही. छत्री पण नाही.” छत्री म्हटल्यावर दोन कावळे उडून लांबच्या झाडावर जाऊन बसले. भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाच्या जुडीला हात घातला. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात.

तेवढ्यात मागून आतोबांचा आवाज आला. “पोरीच्या लग्नाचं बोला.”

मी बाबांकडे बघितलं, पण चष्मा नसल्यामुळे त्यांना माझा चेहरा काही दिसत नव्हता. त्यांनी डोळे मिटले, हात कपाळाला लावले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “दादा, तुम्हाला पसंत पडलेल्या त्या स्थळाशीच पोरीचं लग्न लावून देतो. येत्या वैशाखात.”

वाक्य संपायच्या आत वरून काहीतरी सूंकन आलं. मोठं, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं. पानात उतरलं, चोच भातात खुपसली, काहीतरी उपसलं, मान मागे टाकून दोन गचक्यांत गिळलं, आम्हा सगळ्यांकडे एकदा तुच्छतेने बघितलं आणि पाण्याच्या दिशेने निघून गेलं.

“कावळा शिवला!” भटजी ओरडले. “नमस्कार करा!”

बाबांना हुंदका फुटला. आतोबांनी विजयी मुद्रेने नमस्कार केला. काकूने पदर डोळ्यांना लावला. आणि त्या पवित्र शांततेत मी खणखणीत आवाजात म्हणाले, “तो कावळा नव्हता.”

लग्न टाळायला म्हणून मी ते बोलले, असं आतोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. खरं सांगायचं तर लग्नाचं डोक्यात नंतर आलं. आधी डोकं फिरलं ते कावळा म्हटल्यामुळे.

“कावळा नव्हता तर काय होतं?” आतोबांनी विचारलं. “मोर?”

“कुरव होता. समुद्रपक्षी. सीगल.”

“सीगल पांढरा असतो. शेंबड्या पोराला पण माहीत आहे. हा काळपट होता. डोमकावळा होता, डोमकावळा!”

मी भटजींकडे बघितलं. भटजी म्हणाले की ते मंत्रात होते. खरं तर ते घड्याळात होते. बाबा म्हणाले त्यांना फक्त काहीतरी मोठं, काळसर आलेलं दिसलं. मग मी तरातरा पानापाशी गेले. ओल्या वाळूत पक्ष्याची पावलं उमटली होती आणि बोटांमधला पडदा त्यात स्पष्ट दिसत होता. “हे बघा. कावळ्याची बोटं सुटी असतात. याचं पाऊल बदकासारखं आहे.” सगळे वाकून बघायला लागले, पिंडाभोवती सात-आठ माणसं ओणवी झालेली, हे दृश्य त्या किनाऱ्यानेही आधी बघितलं नसेल.

आतोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ही पावलं आधीची असतील. इथून एखादं बदक गेलं असेल.”

“संशय असेल तर दर्भाचा करून टाकू, दोन मिनिटांचं काम,” भटजी म्हणाले. पण आतोबांनी हातच आडवा घातला. शिवलेल्या पिंडाला पुन्हा शिववणं म्हणजे गेलेल्या माणसाच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं म्हणणं पडलं. भटजींनी तेवढ्यात पिशवी आवरली होती. काकू या सगळ्यात समुद्राकडे बघत होती. पानातला भात विखुरला होता, पण जवळजवळ सगळा तिथेच होता, हे तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसलं, डोक्यात शिरलं नाही.

तेरावं झालं आणि घरात रणकंदन सुरू झालं. आतोबांनी रत्नागिरीला कळवूनही टाकलं होतं, की मुलीच्या काकांनी वरून होकार दिला. मी ऑफिसातल्या बाईंकडून पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि कुरवाचं पान उघडून बाबांसमोर ठेवलं. चित्रात पांढराशुभ्र पक्षी. बाबांनी चष्मा लावून चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“हा पांढरा आहे.”

“बाबा, आपल्या पानात उतरलं ते पिल्लू होतं. पिल्लू म्हणजे वाढलेलंच, पण पहिल्या वर्षाचं. या मोठ्या जातीच्या कुरवाला पांढरं व्हायला चार वर्षं लागतात. पहिल्या वर्षी सगळं अंग तपकिरी, चोच काळी, पाय फिकट गुलाबी. मग दरवर्षी पिसं झडतात आणि थोडा थोडा उजळ होतो.”

“पिल्लाचं चित्र कुठे आहे?”

पिल्लाचं चित्र नव्हतं. एक ओळ होती बारीक टायपात, ती मी मोठ्याने वाचून दाखवली. आतोबा खो खो हसले. चार वर्षं रंग पालटत बसणारा पक्षी मी लग्न मोडण्यासाठी घरी बनवला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. बाबा हसले नाहीत. ते मरोळच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. सुटे भाग हातात घ्यायचे, मापाला लावायचे आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी कधी माल पास केला नाही, मग सांगणारा मालक असो नाही तर मेहुणा.

“सॅम्पल दाखव,” ते म्हणाले. “बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. कावळा निघाला तर शब्द दिलाय मी दादाला. मागे फिरणार नाही, आधीच सांगतो.”

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पुन्हा मार्व्याला गेलो. बाबा, मी, न बोलावता आलेले आतोबा आणि न सांगता चपला घालून दारात उभी राहिलेली काकू. आईने डबा करून दिला, जणू आम्ही सहलीला निघालो होतो. मी वरून तोऱ्यात होते, पण आतून तंतरली होती. कुरवांचं प्रकरण मी तोवर टाळतच आले होते. जंगलातला पक्षी एकदा ओळखला की ओळखला; हे लोक दरवर्षी कपडे बदलतात. किनाऱ्यावर एकही तपकिरी पक्षी नसेल तर काय, हा विचार मालाड स्टेशनपासून बसमध्ये माझं काळीज कुरतडत होता. आयुष्यभर बर्फाच्या कारखान्यात बसून ‘मग बघता कशाला’चं उत्तर देत राहायचं, असं चित्र दिसत होतं.

पण होते. ओहोटी लागली होती आणि होड्यांपासून थोडं दूर, ओल्या वाळूत कुरवांची रांग उभी होती. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, कारण पाठीमागून वारा आलेला त्यांना खपत नाही, पिसं उलटी होतात. काही एका पायावर. पांढरे होते, अर्धे-कच्चे मळक्या रंगाचे होते आणि कडेला दोन तपकिरी होते, अगदी आमच्या पानात उतरला होता तसे.

बाबांनी माझी दुर्बीण घेतली आणि रांगेच्या एका टोकापासून सुरुवात केली. ते एकेक पक्षी बघत होते आणि पुटपुटत होते. “पांढरा. पांढरा. हा मधला, शेपटीला पट्टा आहे. हा तपकिरी.” मग परत उलटे आले. “बांधा एकच आहे,” ते शेवटी म्हणाले. “चोचीचा आकार तोच. उंची तीच. फक्त रंगकाम अपुरं आहे.”

तेवढ्यात होडीवरून कुणीतरी नको असलेली मासळी फेकली आणि नाटक सुरू झालं. एक कावळा आधी पोचला. त्याने एक मासा चोचीत धरला न धरला, तोच तपकिरी कुरव पंख पसरून त्याच्या अंगावर गेला. कावळा मासा टाकून पळाला. दोघं शेजारी आल्यावर फरक शेंबड्या पोरालाही दिसला असता. कावळा त्याच्यापुढे एवढासा. मग दुसऱ्या कुरवाने मासा ओढला, पहिल्याने परत हिसकावला. या पक्ष्याची सवयच ती. स्वतः मासा पकडायचे कष्ट शक्यतो घ्यायचे नाहीत, दुसऱ्याच्या तोंडातला काढायचा, अख्खाच्या अख्खा गिळायचा आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं.

“भावोजी, हाच होता,” बाबा म्हणाले. “कावळा रिजेक्ट.”

मी जिंकले होते. खरं सांगते, नाचावंसं वाटलं. पण आतोबा म्हणजे आतोबा. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “ठीक आहे. नव्हता कावळा. मग याचा अर्थ काय झाला? कावळा शिवलाच नाही! म्हणजे दादा अजून अडकलेले आहेत. म्हणजे त्यांची इच्छा राहिलेली आहे. आणि इच्छा कुठली? पोरीचं लग्न! तुम्हीच सांगा, आता तर ते करायलाच पाहिजे.”

बाबांचा चेहरा उतरला. कावळा असता तर लग्न, कावळा नसला तरी लग्न. बाबांनी दुर्बीण खाली केली आणि ते वाळूकडे बघत राहिले. मी काकूकडे बघितलं तेव्हा मात्र पायाखालची वाळू सरकली. इतके दिवस मी पडदेवाली पावलं, चोच, पिसं घेऊन घरात सगळ्यांशी भांडत होते. आणि ज्या बाईने मला मांडीवर जोजवलं, तिच्या नवऱ्याला मुक्ती मिळाली नाही, हेच मी रोज तिच्यासमोर सिद्ध करत होते. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मला रडायला आलं.

काकूचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या तपकिरी कुरवाकडे टक लावून बघत होती. त्याने मासा गिळला, चोच वाळूला पुसली आणि मान वर करून आणखी काही मिळतंय का ते बघायला लागला. आणि काकू हसायला लागली. काका गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. पदर तोंडावर घेऊन, खांदे हलवत.

“वहिनी?” बाबा घाबरले.

“भाताखाली बांगडो होतो,” काकू म्हणाली.

कुणाला काही कळेना.

“मीच ठेवलंय. तळून नेललंय डब्यातून. भटजी बघत नव्हतो तेव्हा भाताखाली सारलंय.” मग ती आतोबांकडे वळली. “कोरडो भात ह्येंच्या घशाखाली कधी उतरलो होतो, तो आता उतरतलो?”

भटजींनी पाहिलं असतं तर आकाश कोसळलं असतं. बाबा आ वासून उभे होते. मला तो गचका आठवला, मागे टाकलेली मान, तसाच राहिलेला भात. समुद्रपक्षी भाताच्या गोळ्यावर का झेपावला, हा प्रश्न मला, स्वतःला पक्षी कळतात म्हणवणारीला, पडलासुद्धा नव्हता.

“पण वहिनी, कावळा नाही ना शिवला,” आतोबा चिवटपणे म्हणाले.

“कावळो कित्याक हवो? कावळ्यांक ह्येंनी जन्मात जवळ येऊक दिल्यानी नाय.” काकूने कुरवाकडे बोट दाखवलं. “तेंच इले, कावळ्याच्या आधी. घेतल्यानी, गिळल्यानी आणि गेले. बघलास मां कसो बघता तो? ह्येच ते.”

कुरव आमच्याकडे बघत होता. मी आजवर पुष्कळ पक्षी ओळखले, पण त्या नजरेइतकी पक्की ओळख कुठल्याच पुस्तकात नाही.

आतोबांनी शेवटचा प्रयत्न केला. “बरं, दादा आले म्हणू. मग ते आले कधी? लग्नाचं कबूल केलं तेव्हाच ना? म्हणजे ऐकलं आणि आले!”

काकूने त्यांच्याकडे बघितलं, एखाद्या अडाणी माणसाकडे बघावं तसं.

“भावोजी,” ती म्हणाली, “पानात बांगडो असताना ह्येंनी कधी कोणाचा ऐकल्यानी?”

खालचा मजला पेटला तेव्हा आतोबाही आमच्याकडे जेवायला होते. त्यांना ते आठवलं असावं, कारण ते वाकून चपलेतली वाळू झटकायला लागले. बाबांनी दुर्बीण माझ्या गळ्यात परत अडकवली आणि म्हणाले, “पास.” त्याच संध्याकाळी त्यांनी रत्नागिरीला नकार कळवला.

पुढे दर थंडीत काकू मला मार्व्याला घेऊन जायला लावायची. स्टीलचा डबा बरोबर असे. मी दुर्बिणीतून रांग बघायची आणि ती नुसत्या डोळ्यांनी. कुरव दरवर्षी त्याच किनाऱ्यावर परत येतो असं मी तिला सांगितलं होतं. तोच एक पक्षी येतो की नाही हे कुणी सांगू शकत नाही, हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिने एका मळकट पक्ष्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या वर्षी पाठ करडी झालेल्याकडे. मी काही बोलले नाही. माझं डोकं फिरलं नाही, हे माझं मलाच नवल वाटलं.

चौथ्या वर्षी मी माझ्या पसंतीच्या माणसाशी लग्न करून अंधेरीला राहायला गेले होते. डिसेंबरात काकूचा निरोप आला, तशी तिला घेऊन गेले. रांगेत एकही तपकिरी नव्हता. सगळे पांढरेशुभ्र, चोचीवर लाल टिकली लावून वाऱ्याकडे तोंड करून उभे. मी मनात म्हटलं, आता काय सांगू हिला.

काकूने डबा उघडला, बांगडा वाळूत ठेवला आणि आम्ही मागे सरकलो. सुरूवरचे कावळे मान तिरकी करून बघत राहिले. रांगेतला एक पांढरा कुरव उडाला, सरळ आला, बांगडा उचलून गिळला आणि आमच्याकडे त्याच नजरेने एकदा बघून निघून गेला.

काकू तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग रिकाम्या डब्याचं झाकण लावत मला म्हणाली, “कलप संपलो वाटता गो ह्येंचो.”